टॅक्सच्या बदल्यात जुन्या वस्तू घ्या, पण त्या कोकणातच ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की आमच्या राजापूर तालुक्यात घरं विकायच्या गोष्टी निघतात आणि त्यांच्या मागोमाग जुन्या सामानाचे व्यापारी पण येतात. यंदा शेजारच्या वाडीतलं एक चौसोपी घर पाडलं. माजघराचा कोरीव दरवाजा चौकटीसकट टेम्पोत चढला, समया, पितळी कडीकोयंडे, फणसाचे खांब सगळं गेलं, आणि माळ्यावर रुमालात बांधलेले मोडी कागद होते त्यांना वाळवी लागलेली म्हणून व्यापाऱ्याने बघितले पण नाहीत, ते बंबात गेले. घरवाल्यांना दोष देत नाही, सातबाऱ्यावर ढीगभर नावं, दरवर्षी कौलं परतायची कोणी?

इंग्लंडमध्ये यावर चांगली सोय आहे. तिथे वारसा हक्काच्या मालमत्तेवर साधारण 3,25,000 पौंडांच्या वर 40 टक्के टॅक्स बसतो, पण घरात खरंच मोलाचं चित्र, कागदपत्रं, फर्निचर असेल तर तज्ज्ञांची कमिटी ते तपासते, किंमत ठरवते आणि सरकार टॅक्सपोटी ती वस्तूच घेतं. वर त्या वस्तूवर जो टॅक्स बसला असता त्याच्या साधारण 25 टक्के फायदा देणाऱ्याला मिळतो, म्हणजे बाजारात विकण्यापेक्षा देशाला देणं परवडतं. वस्तू कुठल्या म्युझियममध्ये जावी हे पण मालक सुचवू शकतो. 1950 मध्ये डेव्हनशायरचे ड्यूक वारले, तेव्हाच्या दराने 80 टक्के टॅक्स आला, त्यात त्यांचा सोळाव्या शतकातला वाडा हार्डविक हॉल सरकारकडे गेला आणि आज तो लोकांना बघता येतो. फ्रान्सने असाच कायदा 1968 मध्ये केला. चित्रकार पिकासो 1973 ला गेले, वारसांनी टॅक्सपोटी चित्रं दिली, त्यातून पॅरिसचं पिकासो म्युझियम 1985 मध्ये सुरू झालं.

आपल्याकडे एस्टेट ड्यूटी, म्हणजे वारसा हक्काच्या मालमत्तेवरचा टॅक्स, 1953 ला आली, दर 85 टक्क्यांपर्यंत गेले आणि 1985 मध्ये ती बंद झाली. ती परत आणा असं मी अजिबात म्हणत नाही. पण आत्ताचे नियम बघा. जुनी पोथी किंवा चित्र सरकारला, युनिव्हर्सिटीला नाहीतर मान्यताप्राप्त म्युझियमला विकलं तर कॅपिटल गेन टॅक्स, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स, लागत नाही, हे गावात कोणाला माहीतच नाही. आणि तीच पोथी फुकट दिली तर हातात काहीच नाही, कारण इन्कम टॅक्समधली देणगीची सूट (80जी) फक्त पैशांच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. ट्रस्टला चेक दिला तर सूट आणि पणजोबांनी लिहिलेली पोथी दिली तर शून्य, हे मला पटत नाही.

कोकणात लोकांना टॅक्स खरा जाणवतो तो शहरालगतची किंवा एनए (बिगरशेती) जागा विकताना. तेव्हा टॅक्स वाचवायला 50 लाखांपर्यंत रक्कम सरकारी बॉन्डमध्ये टाकायची मुभा आहे ना, मग त्याच घरातली तज्ज्ञांनी पास केलेली वस्तू देशाला दिली तर तिची किंमत त्या टॅक्समधून वजा का होऊ नये? जागा विकली जाते तेव्हाच घर रिकामं होतं, वस्तू जायची वेळ पण तीच असते.

फक्त एक अट हवी, वस्तू दिल्लीच्या गोडाऊनमध्ये जाता कामा नये. रत्नागिरीत थिबा पॅलेसमध्ये म्युझियम आहे, तिथे कोकणच्या घरांचं स्वतंत्र दालन करा. पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवून गोष्ट सांगायची कला), सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) सिंधुदुर्गातच राहू देत. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला जुन्या वस्तूंचा संग्रह सरकारला दिला आणि तो पुण्यातच राहिला म्हणून आजही शाळेच्या सहली तिथे जातात. किंमत ठरवायला मुंबईचा माणूस एकदा येऊन चालणार नाही, मोडी वाचणारा आणि लाकूडकाम कळणारा माणूस तालुक्याला ठराविक दिवशी बसायला हवा. आणि आमच्या दमट हवेत कागद टिकवायची सोय आधी करा, नाहीतर घेऊन उपयोग नाही.

पुढच्या बजेटच्या आधी रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगडच्या खासदारांनी हा विषय अर्थमंत्र्यांकडे न्यावा, आणि तोपर्यंत निदान जिल्हाधिकारी ऑफिसने घर पाडायच्या आधी जुने कागद बघून जायला कोणीतरी पाठवावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी