कोपरीच्या खाडीवर नेणाऱ्या बाईंना

बाई, तुमचं नाव आठवत नाही, याची लाज वाटते. ठाण्याच्या आमच्या शाळेत तुम्ही बदलीवर आलात, तीन-चार महिने भूगोल शिकवलात आणि गेलात.

भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा पुस्तक मिटून म्हणालात, "वासाला नाकं मुरडायची नाहीत." मग रांगेने कोपरीच्या खाडीवर. चिखल, तिवरं, आणि चिखलातून वर आलेली त्यांची टोकदार मुळं. "ही झाडाची नाकं." खाचा पाडलेल्या काठीने पाणी मोजायला लावलंत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी खाचेपर्यंत आलंच नाही. मी म्हणालो, काठी हलली असेल. वर्ग हसला, तुम्ही नाही. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तशीच मागे सरकते, हे तुम्ही मला वहीत आकडे भरत स्वतः शोधू दिलंत. मी गणितात कच्चा म्हणून मागच्या बाकावर बसवलेला मुलगा होतो, बरं का.

आणि चिखलाचे पाय धुवायला दारातच बादल्या भरून ठेवणारे शिपाईमामा, तुमचेही मनापासून आभार. (शिव्याही घातल्यात, त्या रास्त होत्या.)

याच खाडीचा ऐरोली ते वाशी पुलांमधला पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. मागच्या हिवाळ्यात लेकीला ऐरोलीहून बोटीने रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायला नेलं. भरतीची वेळ मी तोंडीच काढली होती. वीस मिनिटं चुकली, बाई.