सब्जेक्ट म्हणजे ‘विषय’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात चौथीत, सेमी-इंग्रजी वर्गात शिकते. गेल्या आठवड्यात तिने इंग्रजीची एक वर्कशीट घरी आणली. दहा वाक्यं होती. वाक्य ज्याच्याविषयी आहे त्या भागाखाली, म्हणजे सब्जेक्टखाली, लाल रेघ आणि त्याच्याविषयी जे सांगितलंय त्या भागाखाली, म्हणजे प्रेडिकेटखाली, निळी रेघ मारायची होती. तिने पाच मिनिटांत काम संपवलं. कसं केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “आजी, पहिलं नाव येईपर्यंत लाल, पुढचं सगळं निळं.” वर्गात तसंच सांगितलंय म्हणे. मग विचारलं, “सब्जेक्ट म्हणजे काय गं?” तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “विषय. गणित, मराठी, परिसर अभ्यास.”

तिची सात वाक्यं बरोबर होती, त्यामुळे तिला आणि तिच्या आईला यात काही बिघडलंय असं वाटलं नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवलं. वाक्याचे दोन भाग ओळखता न आल्यामुळे मुलांचं पुढे काय होतं, ते मी पाहिलं आहे. म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीपासून असे. मुलांच्या कानावर इंग्रजी लवकर पडू लागलं, हे फार चांगलं झालं. पण व्याकरण शिकवताना आपण अजूनही एक व्याख्या पाठ करून घेतो: काम करतो तो सब्जेक्ट. पहिली काही वर्षं मीही हेच शिकवत होते. मग एका मुलाने ‘द ग्लास इज ब्रोकन’ हे वाक्य दाखवून विचारलं, “बाई, ग्लासने काय काम केलं?” त्याचं बरोबर होतं. त्या दिवशी ती व्याख्या मी सोडून दिली.

मराठी घरातल्या मुलाची खरी अडचण आणखी खोल आहे. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात क्रियापद आंब्याशी जुळतं. चिंच आवडते, केळं आवडतं, बोरं आवडतात. ‘मला’ बाजूलाच बसलेला असतो. इंग्रजीत मात्र ‘आय’ उठून पुढे येतो आणि आंबा मागे जातो. ‘मला भूक लागली’, ‘मला थंडी वाजते’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या सगळ्यांची तीच गत. मूल ‘आय’ऐवजी ‘मी’ (me, म्हणजे ‘मला’) वापरून ‘मी लाइक मँगो’ लिहितं तेव्हा ते निष्काळजी नसतं. आपल्या भाषेशी प्रामाणिक राहून ते लिहीत असतं. ‘सीतेने पेरू खाल्ला’ आणि ‘सीतेने चिंच खाल्ली’ यांतही क्रियापद सीतेकडे बघतच नाही. ही वाक्यं शेजारी शेजारी फळ्यावर लिहून दाखवली की मुलांचे चेहरे उजळतात. चूक कुठून येते ते त्यांना कळतं आणि आपण ढ नाही हेही कळतं.

दुसरी गोष्ट ‘इट’ची. ‘इट इज रेनिंग’मधला ‘इट’ कोण, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. ‘जेवलास का?’ एवढ्यात आपलं वाक्य पुरं होतं. समोरचा एक आहे, मुलगा आहे, आपण त्याला ‘तू’ म्हणतो, हे सगळं ‘जेवलास’मध्येच आलं. इंग्रजी क्रियापदाला एवढं सांगता येत नाही. ‘वेंट’ म्हटलं तर कोण गेलं, किती जण गेले, बाई की पुरुष, काहीच कळत नाही. म्हणून साध्या विधानात इंग्रजीला सब्जेक्टची जागा रिकामी सोडता येत नाही. कुणी नसेल तर ‘इट’ला आणून बसवावं लागतं. ‘क्लोज द डोअर’सारख्या आज्ञेत तेवढा ‘यू’ लपून राहतो आणि तिथे मुलं अडत नाहीत, कारण ‘दार लाव’मध्येही ‘तू’ लपलेलाच असतो.

पण सर्वांत जास्त मुलं अडतात ती लांब सब्जेक्टपाशी. माझ्या नातीने ‘द कलर ऑफ द वॉल्स इज व्हाइट’ यात फक्त ‘द कलर’खाली लाल रेघ मारली होती. तिचं दुसरं चुकलेलं वाक्य लाल फेट्याच्या म्हाताऱ्याचं होतं: ‘द ओल्ड मॅन विथ अ रेड टर्बन इज सिटिंग अंडर द ट्री.’ मराठीत आपण ‘भिंतींचा रंग’, ‘लाल फेटेवाला म्हातारा’ असं म्हणतो. जी काही माहिती द्यायची ती नामाच्या आधी येते आणि मुख्य नाम शेवटी. इंग्रजीत ‘कलर’ आधी, ‘वॉल्स’ नंतर. त्यामुळे क्रियापदाच्या अगदी शेजारी भलतंच नाम येऊन बसतं आणि मोठ्या वर्गातली मुलंसुद्धा ‘द कलर ऑफ द वॉल्स आर व्हाइट’ लिहून मोकळी होतात.

आमच्या वेळी मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण असे. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय असे रकाने आखून वाक्य उलगडायचं. कंटाळवाणं वाटायचं, हे खरं आहे. पण ‘उद्देश्यविस्तार’, म्हणजे उद्देश्याला जोडून येणारी जास्तीची माहिती, हा एक शब्द ज्याला कळला, त्याला वर दिलेली इंग्रजी वाक्यं पुन्हा शिकवावी लागत नाहीत. सब्जेक्टला ‘उद्देश्य’ म्हणावं, म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचं ते. आणि प्रेडिकेटला ‘विधेय’, म्हणजे त्याच्याविषयी जे सांगितलं ते. ‘विषय’ म्हटलं की मूल दप्तरातल्या वह्यांकडेच बघणार. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारायचा नाही, असा दंडक काही शाळांत आहे. तो कोणाच्या हिताचा आहे, हे मला आजवर समजलेलं नाही.

मी वर्गात काय करत असे ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत वाक्य लिहून पट्टी कापायची. मुलाने आधी क्रियापद शोधायचं, नाम नव्हे. मग त्या पट्टीतला क्रियापदाच्या आधीचा सगळा भाग ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा ‘दे’ यांपैकी एका शब्दाने झाकायचा. झाकून वाक्य नीट वाचता आलं, तर झाकलेलं सगळं मिळून सब्जेक्ट. ‘ही इज सिटिंग अंडर द ट्री’, झालं! पण ‘द ओल्ड मॅन’ एवढंच झाकलं तर ‘ही विथ अ रेड टर्बन इज सिटिंग’ असं उरतं आणि कानालाच ते खटकतं. मग क्रियापदाच्या अगदी आधी कात्री चालवायची. दोन तुकडे झाले की ते टोपलीत टाकून दुसऱ्यांच्या तुकड्यांशी जोडायचे. ‘द काऊज’ला ‘इज ग्रेझिंग’ जोडलं की वर्गच ओरडतो, “जुळत नाही!” नियम तोंडाने सांगावा लागत नाही.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मुलं बोलता बोलता शिकतील. ज्यांच्या घरात, सोसायटीत इंग्रजी बोललं जातं ती शिकतीलही. आमच्या गावच्या मुलाला शाळेबाहेर इंग्रजी वाक्य कोण ऐकवणार? आणि त्याच मुलाला वरच्या वर्गात विज्ञान इंग्रजीतून वाचायचं असतं. ‘द प्रोसेस बाय विच ग्रीन प्लांट्स प्रिपेअर देअर फूड इज कॉल्ड फोटोसिंथेसिस.’ या वाक्यात दोन क्रियापदं आहेत. पहिलं ‘प्रिपेअर’ दिसलं की मूल तिथेच थांबतं आणि पुढचं ‘इज कॉल्ड’ कुणाचं ते त्याला कळत नाही. मग ते वाक्य जसंच्या तसं घोकतं. त्याच मुलाला ‘फूड’पर्यंतचं सगळं ‘इट’ने झाकायला शिकवलं, तर ‘इट इज कॉल्ड फोटोसिंथेसिस’ एवढंच उरतं आणि व्याख्या उलगडते. हुशार मुलं विज्ञानात मागे पडलेली मी पाहिली आहेत. त्यांना विज्ञान अवघड नव्हतं. वाक्य कुठे दुभंगतं तेवढंच त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की शाळेतल्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्षातून निदान एक दुपार एकत्र बसावं आणि एकच वाक्य दोन्ही भाषांत सोडवून पाहावं. वर्कशीट तयार करणाऱ्यांनी दहापैकी चार वाक्यं तरी अशी द्यावीत, की ‘पहिल्या नावापर्यंत लाल’ या युक्तीने ती सुटणार नाहीत. माझ्या नातीची सात वाक्यं बरोबर आली ती त्या युक्तीवरच, आणि हीच मला काळजीची गोष्ट वाटते.

आपल्या दैनिकात मुलांसाठी आठवड्याला अर्धं पान असतं. त्यात शब्दकोड्याशेजारी एक मराठी आणि एक इंग्रजी वाक्य छापावं, एवढी जागा आपण द्यावी. कुठे कापायचं ते मुलांनी ओळखावं. पहिल्या वर्षाची 52 वाक्यं मी लिहून द्यायला तयार आहे; नातीच्या मदतीने बारा तयारही झाली आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, वाई, जि. सातारा