हिचा कांदा गेला की!

कोल्हापूर,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दृष्टिहीन पोरांना विज्ञान कसं शिकवतोस, असं विचारलं होतंस. परवाच्या तासाचंच सांगतो.

आम्ल-आम्लारीचा धडा होता. इतकी वर्षं मी लिटमस बुडवायचो, "निळ्याचा तांबडा झाला" म्हणायचो आणि पोरं ब्रेल पाटीवर टोचून घ्यायची. प्रयोग माझा, निष्कर्षही माझाच. या वेळी बारीक चिरलेल्या कांद्यात कापडाच्या पट्ट्या घालून रात्रभर पिशवी बांधून ठेवली. सकाळी एका पट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे, दुसरीवर विरल सोडियम हायड्रॉक्साइड या आम्लारीचे थेंब मीच टाकले, दोन्ही नीट धुतल्या आणि पोरांच्या हातात दिल्या. दहावीतल्या एका मुलीनं पहिली हुंगली, दुसरी हुंगली, परत पहिली. मग दुसरी पुढं करून म्हणाली, "सर, हिचा कांदा गेला की!" आम्लारीत कांद्याचा वास उरत नाही, हे तिनं स्वतः शोधलं. मग सगळा वर्ग पट्ट्या मागायला लागला.

हीच मुलगी आधीच्या शाळेत प्रयोगाच्या तासाला नुसती बसून असायची. काच लागेल, आम्ल सांडेल, म्हणून! २०१६ च्या कायद्यानं दिव्यांग मुलांना सगळ्यांबरोबर शिकायचा हक्क दिलाय, आणि तो प्रयोगशाळेच्या दारातच अडतो. फार राग येतो रे.

आणि या पोरांना किती येत असतं! मी नळाखाली बाटली धरली होती, तर तीच मागून म्हणाली, "बास सर, भरली." घरी घागर ती कानानंच भरते. पाणी चढतं तशी वरची हवेची पोकळी आखूड होते आणि आवाज चढत जातो. ध्वनीचा धडा मी तिथूनच सुरू केला. हातानं चाचपता येईल अशी पेशी बनवायला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून शाडू आणलाय, केंद्रकाच्या जागी चिंचोका.

तिला गीरात व्हर्मे यांच्याबद्दल सांगितलं. तिसऱ्या वर्षी दृष्टी गेली, तरी शंख-शिंपल्यांचे मोठे अभ्यासक झाले. खेकड्यानं फोडलेलं कवच पुन्हा कुठं जुळलं, ते बोटांनी वाचतात. तेव्हापासून तिनं एकच धरलंय, "सर, मला शंख पाहिजेत."

म्हणून एक काम कर. दिवाळीला येताना मालवणच्या किनाऱ्यावरचे पिशवीभर शंख-शिंपले आण. नुसते सुंदर बघून वेचू नकोस. कड तुटलेले, भोक पडलेले, सांधा आलेले, सगळे घे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मास्तर