जिन्याखालच्या मीटर बोर्डाची जबाबदारी मालकाचीच

संपादक महोदय,

थंडी वाढली की नाशिकच्या सातपूर, अंबड, चुंचाळे, श्रमिकनगर भागातल्या भाड्याच्या खोल्यांत पहाटे सगळ्यांचे पाणी तापवायचे रॉड एकदमच लागतात. पहिल्या पाळीला निघायची घाई सगळ्यांनाच असते. अशा ठिकाणी आग लागली की ‘शॉर्टसर्किट’ एवढी नोंद होते आणि जबाबदारी कोणाची, हे विचारायचे राहून जाते.

1500 वॉटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर करंट ओढतो, 2000 वॉटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ. दोन्ही चालू असतील तर पंधराच्या वर. खोलीतली वायर मात्र बऱ्याचदा एक एमएमची, दिवा-पंख्यापुरती, आणि सॉकेट सहा अँपिअरचे. साहजिकच एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखी पडते. मग कोणीतरी 16 ची काढून 32 ची बसवून जातो आणि पडणे थांबते. पण एमसीबी असते ती वायर वाचवायला. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, की ती पडायच्या आधीच वायर तापते, वरचे प्लास्टिक मऊ होते, नुसती टेप गुंडाळलेला जोड काळा पडतो. रॉड लावताच दिवा मंद होणे, प्लग हाताला चटका देणे, स्विच पिवळा पडणे, बेकेलाइट जळल्याचा वास येणे, ही सगळी आगीच्या आधीची लक्षणे आहेत.

त्यात पत्र्याच्या खोल्यांना उन्हाळ्यासाठी थर्माकोलचे छत मारलेले असते आणि उघडी वायर त्याच्यावरूनच नेलेली असते. ठिणगी पडली तर पेटते थेंब खालच्या अंथरुणावर गळतात.

सर्वांत धोक्याची आहे ती मीटर बोर्डाची जागा. आठ-दहा खोल्यांचे मीटर, सबमीटर आणि वायरींचा गुंता एकुलत्या एका जिन्याखाली, शेजारी दुचाकी, कधी चार्जिंगला लावलेली ई-बाइक. बोर्ड पेटला की जिना धुराड्यासारखा काम करतो, काळा धूर थेट वरच्या मजल्यावर जातो. खिडकीची जाळी भिंतीत पक्की, खालचे चॅनल गेट रात्री कुलूपबंद, किल्ली मालकाकडे. वरच्यांना वाटच उरत नाही.

यातली एकही गोष्ट भाडेकरूच्या हातात नाही. मेन वायर बदलणे, बोर्ड लाकडी फळीवरून लोखंडी पेटीत नेणे, प्रत्येक खोलीला स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) देणे, पॉवर पॉइंटला अडीच एमएमची तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचे सॉकेट, चालू अर्थिंग, जाळीला आतून उघडणारी खिडकी, मजल्यावर सहा किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक: ही मालकाचीच कामे आहेत. आरसीसीबी गळती पकडते, जादा लोड पकडत नाही, म्हणून एकीवर भागवू नये.

भाडेकरूची जबाबदारी आहे ती गॅसची. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात भरून घेतलेला गॅस खोलीत आणू नये. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून लोक तिकडे वळतात, पण कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवावी. गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. वास आल्यास कोणताही स्विच चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करून दार उघडावे, बाहेर येऊन 1906 ला फोन करावा. आग लागली असेल तर 101.

कायदाही मालकाला मोकळे सोडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी करून नोंदवून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कलम 14 प्रमाणे किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना हे कलम सरळ लागू पडत नाही. त्यांनी वायरिंग, गेट आणि खिडकीच्या अटी करारातच लिहून घ्याव्यात.

महापालिकेचा अग्निशमन विभाग आणि महावितरण यांनी थंडीआधी औद्योगिक वसाहतींलगतच्या चाळींमधले जिन्याखालचे बोर्ड एकत्र तपासावेत, अशी आमची मागणी आहे. तोवर भाडेकरूंनी एकेकट्याने न बोलता सगळ्या खोल्यांच्या सह्यांनी नोटीस द्यावी, तीत बोर्डाचा फोटो, एमसीबीवरचा आकडा आणि वायरीची जाडी लिहावी, आणि ती पोचपावतीसह टपालाने पाठवावी. दुरुस्ती स्वतः करून घ्यायची वेळ आली तर काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याचे पक्के बिल जपून ठेवावे.

आपले,
परवानाधारक विद्युत ठेकेदार व वायरमन, सातपूर, नाशिक