आईचं पाऊल तिरकं करून पाहिलंत, त्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ वाकणाऱ्या एक्स-रेवाल्या ताई, एवढीच तुमची ओळख माझ्याकडे आहे. म्हणून हे पत्र असं उघड लिहिते आहे. कुणीतरी वाचून तुमच्यापर्यंत पोचवेल.

जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि आईचं उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर मुडपलं, त्याला आता तीन महिने होतील. करंगळीशेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्या बोटावरच राहिलं. पहिल्या ठिकाणी बोटाचे दोन फोटो निघाले, एक वरून आणि एक बाजूने. बाजूच्या फोटोत पाचही बोटं एकमेकांवर चढलेली, कुठलं हाड कुठल्या बोटाचं तेही कळेना. ‘मुका मार आहे, चालत राहा,’ असं सांगितलं. आई चालत राहिली. नऊ दिवस, भिंत धरून, टाचेवर भार देत. मी विचारलं की म्हणायची, ‘आता बरं आहे गं.’ मी ते खरं मानलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दहाव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर तेव्हाही फक्त बोटाचा एक्स-रे होता. तुम्ही गॉजची लांब पट्टी घेतलीत, शेजारच्या बोटांना तिचा फास घातलात आणि पट्टीची टोकं आईच्याच हातात दिलीत. ‘तुम्हीच ओढून धरा, म्हणजे दुखायला लागलं की तुम्हालाच सैल करता येईल.’ दुखणारं बोट एकटं मोकळं राहिलं आणि या वेळी त्याची तिन्ही पेरं स्वच्छ दिसली. कुठेही चीर नव्हती.

चिठ्ठीपुरतं काम तिथेच संपलं होतं. बाहेर रांग होती, तेही मी पाहिलं होतं. पण तुम्ही पट्टी सोडवताना आईला म्हणालात, ‘आता एका बोटाने दाखवा, सगळ्यात जास्त कुठे दुखतं?’ आईने बोट टेकवलं ते पावलाच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या कडेकडे, काळ्या पडलेल्या बोटाच्या बरंच मागे. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही. तुम्ही लगेच डॉक्टरांना फोन लावून अख्ख्या पावलाचे फोटो काढायची परवानगी घेतलीत.

‘आणखी फोटो’ म्हटल्यावर आई घाबरली. किरणांची भीती तिला आधीपासूनच. तुम्ही तिला उडवून लावलं नाहीत. पावलाच्या एका फोटोला लागणारे किरण इतके थोडे असतात, की तेवढे आपल्याला जमिनीतून आणि आकाशातून काही तासांत असेही मिळतात, हे तुम्ही तिच्या शेजारी बसून सांगितलंत. त्यानंतरच तिने पाय टेबलावर ठेवला.

पुढची दहा मिनिटं माझ्या डोळ्यांसमोर अजून जशीच्या तशी आहेत. सरळ फोटोसाठी तुम्ही मशीनचं डोकं टाचेच्या दिशेने जरासं कलवलंत, दहाएक अंश. मी कारण विचारलं, तर म्हणालात, की पाऊल सपाट नसतं, कमानीसारखं असतं. चवड्यातली पाच लांब हाडं, डॉक्टर ज्यांना मेटाटार्सल म्हणतात, ती बोटांकडे उतरत गेलेली असतात. उतारावर किरण सरळ सोडले की हाडं आखूड दिसतात, म्हणून उतार बघून मशीन कलवायचं. (एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेननी १८९५ मध्ये बायकोच्या हाताचा फोटो काढला, तो हात तरी सपाट ठेवता येणारा होता. पावलात २६ हाडं आणि वर ही कमान.)

मग तिरका फोटो. आईचा गुडघा आतल्या बाजूला झुकवून तुम्ही तळव्याची बाहेरची कड उचललीत आणि खाली फोमची पाचर सरकवलीत. ३० ते ४५ अंश, त्याहून जास्त नाही. सरळ फोटोत बाहेरच्या बाजूच्या हाडांची बुडं एकमेकांवर येतात आणि बाजूच्या फोटोत तर पाचही हाडं एका रेषेत दडतात. पाऊल असं आत कलवलं की तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या हाडाची बुडं सुटी होतात. दुसरी गोष्ट तुम्ही दाराकडे हात करून समजावलीत. फटीच्या सरळ रेषेत डोळा असेल तरच पलीकडचा उजेड दिसतो, जरा बाजूला झालं की फट नाहीशी. हाडाच्या चिरेचंही तसंच, किरण तिच्या रेषेतून गेले तरच ती काळी उमटते.

स्क्रीनवर चौथ्या हाडाच्या बुडाशी ती रेष आडवी पडलेली होती. केसाएवढी. सरळ फोटो तुम्ही शेजारी उघडून ठेवलात, त्यात त्याच जागी फक्त दोन हाडांची एकत्र झालेली पांढरी छाया होती. तुम्ही काही बोलला नाहीत. ‘रिपोर्ट डॉक्टर देतील,’ एवढंच म्हणालात, पण व्हीलचेअर मात्र स्वतः आणलीत आणि आईला त्या क्षणापासून पाय टेकू दिला नाहीत.

डॉक्टरांनी पुढे उभं राहूनही फोटो काढायला लावला. पावलाच्या मध्यावरचा लिसफ्रँकचा सांधा शरीराच्या भाराने उघडतो का, ते त्यांना पाहायचं होतं. तो शाबूत होता. ऑपरेशन टळलं, पाऊल हलू न देणाऱ्या बुटावर सहा आठवडे भागलं.

सहा आठवड्यांनी आम्ही परत आलो तेव्हा तुम्ही तीच पाचर काढलीत आणि पहिला फोटो समोर ठेवून पाऊल अगदी तितकंच कलवलंत, कारण कोन बदलला तर चीर भरली की नुसती लपली हे कळणार नाही. या वेळी रेष पुसट झाली होती आणि तिच्याभोवती नव्या हाडाचा धुरकट पट्टा धरला होता. आईने चष्मा लावला, स्क्रीनवर त्या जागी बोट ठेवलं आणि तुम्हाला म्हणाली, ‘पोरी, इथेच दुखत होतं ना मला.’ तुम्ही म्हणालात, ‘हो आई, बरोबर इथेच.’ नऊ दिवस ‘मुका मार’ ऐकलेल्या बाईला ते ‘बरोबर’ किती मोलाचं होतं, हे तिचा चेहरा पाहताना मला कळलं.

ताई, मनापासून आभार. चिठ्ठीपलीकडचं विचारलंत त्याबद्दल, आणि आईला पट्टी स्वतःच्या हातात धरू दिलीत त्याबद्दलही.

काल ती एकटी जिना उतरली. शेवटच्या पायरीवर थांबली, कठडा धरला, खाली पाहिलं आणि उजवं पाऊल पूर्ण टेकवलं.

तुमची,
चौथ्या बोटाच्या पेशंटची मुलगी