डबी नव्हे, कार्ड बघा

महोदय,

जुन्या ट्रेडिंग कार्डांवरचा (संग्राहक जमवतात ती चित्रांची कार्डं) आपला रविवारचा लेख आवडला. पण ‘ग्रेडिंग झालेलं सीलबंद कार्ड घ्या आणि निर्धास्त राहा’ हा त्यातला सल्ला मला पटला नाही. (ग्रेडिंग म्हणजे एखादी कंपनी कार्ड तपासून त्याला श्रेणी देते आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते.) माझी तीस वर्षं छपाईच्या ऑफसेट मशीनवर गेली. शाई अजून नखांतून गेलेली नाही. म्हणून हे चार शब्द.

होनस वॅग्नरचं १९०९-११ मधलं ते गाजलेलं बेसबॉल कार्ड सीलबंदच होतं, श्रेणीही वरची. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली बिल मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दिली. कार्ड खरं, कडा मात्र नव्या! पोकेमॉनची तथाकथित १९९६ची चाचणी-कार्डं (खेळ बाजारात येण्याआधी करून बघायला छापलेली) तर अलीकडची गोष्ट. तीही डबीबंद. बरेच रंगीत लेझर प्रिंटर कागदावर फिकट पिवळे ठिपके सोडतात, त्यांत मशीनचा क्रमांक आणि छपाईची तारीख दडलेली असते. संग्राहकांनी ते वाचले, तर काही कार्डांवर तारीख निघाली २०२४ची.

मी स्वतःही फसलोय. १९३०च्या दशकातलं म्हणून एक कार्ड घेतलं. घरी अतिनील टॉर्च मारला, तर नव्या शर्टासारखं निळसर चमकलं. कागदात चकाकी आणणारी ती रसायनं साधारण १९५०च्या सुमारास रुळली. (न चमकणारा कागद मात्र खराच असेल असं नाही. जुन्या पुस्तकांतली कोरी पानं फाडून त्यावर छापणारे महाभाग आहेत.)

लाज याची वाटली की मी चित्र बघितलं, कोपरे बघितले, अक्षरं बघितलीच नाहीत. काळा मजकूर छापायची प्लेट वेगळी असते. दहापट भिंगाखाली अक्षर भरीव दिसतं, कड स्वच्छ. जुन्या कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलं, की तेच अक्षर निळ्या-लाल-पिवळ्या ठिपक्यांत फुटतं. माझ्या कार्डावर खेळाडूचं नाव असंच भुरभुरलं होतं. हाताखालच्या पोराने असला प्रूफ आणला असता, तर मी तो तिथेच परत पाठवला असता.

डबीतल्या कार्डाची जाडी मोजता येत नाही, कड बोटाला लागत नाही. पण प्लास्टिकमधूनही भिंग चालतं. पुढच्या लेखात डब्यांच्या फोटोंऐवजी एखाद्या अक्षराचा मोठा केलेला फोटो छापाल का?

आपला,
एक निवृत्त मशीनमन