कुठलंही पीस चालत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला गळाच्या मासेमारीवरचा लेख आवडीने वाचला. कृत्रिम माश्यांविषयी, म्हणजे गळावर दोरा-पिसं गुंडाळून केलेल्या नकली किड्यांविषयी, मराठीत एवढं सविस्तर क्वचितच वाचायला मिळतं. पण 'हॅकलसाठी कोंबडीचं कुठलंही पीस चालतं' हे वाक्य खटकलं. हॅकल म्हणजे माशीभोवती गुंडाळलेलं पीस. ते वाचून माझ्या पुतणीने सहा ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या माश्या, बांधल्या. दोरा घट्ट, डोकी सुबक. तरी दोन-तीन फेकींत एकेक करत साऱ्या बुडाल्या. समोर ट्राउट वर येऊन किडे टिपत होते आणि पोरगी रडवेली. "काका, माझं काय चुकलं?" तिच्या हाताचं काहीच चुकलं नव्हतं. पीस चुकीचं होतं.

ड्राय फ्लाय पाण्यावर तरंगते ती मुख्यतः हॅकलच्या तंतूंच्या टोकांवर. ती टोकं ताठ हवीत, पाणी पिणारी नकोत. म्हणून पीस कोंबड्याचं, तेही मानेवरचं किंवा पाठीवरचं. उजेडात धरलं की ते तकाकतं. दांडीला लागून जो मऊ, निस्तेज पट्टा असतो तो जितका अरुंद तितकं बरं, कारण पाणी तिथेच मुरतं. दांडी बारीक आणि लवचिक हवी. जाड असली तर वेढा देताना पिळते आणि तंतू वाटेल तिकडे फाकतात.

मी पीस गळाशेजारी कमानीसारखं वाकवतो. तंतू आपोआप उभे राहतात, मग लांबी बघतो: गळाच्या तोंडाच्या, म्हणजे दांडा आणि टोक यांतल्या अंतराच्या, साधारण दीडपट. त्यानंतर टोकं खालच्या ओठाला लावून पाहतो. जरा टोचली की पीस बाजूला काढून ठेवतो. ओठाला कळतं ते बोटाला कळत नाही.

वेट फ्लायचं, म्हणजे पाण्याखालून चालवायच्या माशीचं, सगळं उलटं. पाण्याखाली तंतू मिटले-उघडले पाहिजेत, तरच माशाला त्यात जिवंत किडा दिसतो. तिथे कोंबडीचं मऊ पीस हवं, किंवा युरोपातल्या पार्ट्रिजचं, म्हणजे आपल्या तित्तराच्या भावकीतल्या पक्ष्याचं. नारिंगी रेशमी दोऱ्याचं अंग आणि पुढे त्या तपकिरी ठिपकेदार पिसाचे एक-दोन वेढे, एवढ्यात 'पार्ट्रिज अँड ऑरेंज' तयार. जास्त वेढे दिले की नुसतं झुडूप होतं.

लेखात रंगावर दोन परिच्छेद आहेत. रंगाला महत्त्व आहेच. 1922 साली मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधलेली 'अ‍ॅडम्स' ही ड्राय फ्लाय आजही चालते, आणि तिच्यात तपकिरी पीस आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ग्रिझली अशी दोन्ही एकत्र गुंडाळतात. पण पीसच लेचंपेचं असेल तर रंग काय करणार? आधी ताठपणा, मग माप, रंग शेवटी.

नवशिक्यांनी मानेचं अख्खं कातडं घ्यावं असं मला वाटतं. त्यावर लहान-मोठी सगळी पिसं मिळतात. पाठीचं पीस लांब असतं, एकात अनेक माश्या होतात, पण बहुतेक एकाच मापाच्या.

लेखाच्या पुढच्या भागात कोंबडा आणि कोंबडी यांतला हा फरक कृपया छापावा.

पुतणीने त्या सहाही माश्यांचे जादा वेढे काढले आणि त्या पाण्याखालून चालवल्या. परवा त्यांतल्या एकीला ट्राउट लागला.

आपला,
एक नियमित वाचक